हात कीबोर्डवरच राहू द्यावा

संगणकावर दिवसभर काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून त्याचा उजवा हात थोडा वेळ निरखावा. दोन ओळी टाइप होतात आणि हात माऊसकडे जातो. एक शब्द निवडून ठळक केला जातो आणि हात कीबोर्डवर परत येतो. आणखी एक ओळ होते न होते तोच तो पुन्हा माऊसकडे निघतो. एका फेरीत वेळ फारसा जात नाही, हे खरे आहे. परंतु त्या फेरीबरोबर नजरही मजकुरावरून उठते, पडद्यावर बाण कुठे आहे ते शोधते, मेनूतील नेमक्या शब्दावर त्याला नेऊन ठेवते, आणि हे सारे होईपर्यंत मनात जुळलेले पुढचे वाक्य किंवा कागदावरून वाचलेला आकडा निसटून गेलेला असतो. शॉर्टकट, म्हणजे माऊसऐवजी कळांच्या जुळणीने काम उरकण्याची रीत, शिकावेत याचे कारण म्हणून वेळेची बचत सगळेच सांगतात. मला मात्र कामातले लक्ष तुटत नाही, हे कारण त्याहून मोठे वाटते.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील यंत्रभाग बनवणाऱ्या एका कारखान्याचे कार्यालय सांभाळते. कोटेशन, डिलिव्हरी चलन, जीएसटीची बिले, बँकेला आणि सरकारी कार्यालयांना जाणारी मराठी पत्रे, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील पार्ट्यांची येणे बाकी, असा सगळा कारभार दोन संगणकांवर चालतो. आमच्याकडे नव्याने येणारी मुले-मुली संगणकाचा एखादा अभ्यासक्रम पूर्ण करून आलेली असतात आणि कोणती सोय कोणत्या मेनूत आहे हे त्यांना चांगले माहीत असते, पण प्रत्येक गोष्ट त्या मेनूपर्यंत चालत जाऊनच करायची असते असा त्यांचा समज झालेला असतो. त्यांना शेजारी बसवून जे दाखवते, तेच इथे सविस्तर लिहीत आहे. इथली बहुतेक माहिती विंडोजच्या संगणकाविषयी आहे, कारण आपल्याकडच्या कार्यालयांत तोच सर्वत्र दिसतो.

सुरुवात कंट्रोलबरोबरच्या झेड, एक्स, सी आणि व्ही या चार कळांपासून करावी, कारण त्या सगळ्यांना येतात असे आपण धरून चालतो आणि तरीही त्या पुरेपूर वापरल्या जात नाहीत. मजकूर कापणे, उचलणे आणि दुसरीकडे चिकटवणे ही रीत १९७० च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाच्या प्रोग्राममध्ये आणली. टेस्लर पुढे ॲपल कंपनीत गेले, आणि १९८३ साली आलेल्या तिच्या लिसा या संगणकावर या कामांना कीबोर्डच्या खालच्या ओळीतील, डाव्या कोपऱ्यात सलग बसलेल्या कळा मिळाल्या. पुढे विंडोजनेही त्याच घेतल्या. या कळा सलग आणि डावीकडे असल्यामुळे उजव्या हातात माऊस असतानाही डाव्या हाताला ही कामे उरकता येतात.

या चौघांत कंट्रोल-झेड मला सर्वांत मोलाचा वाटतो. केलेली कृती मागे घेता येते याची खात्री असली, की नवा माणूस एक्सेलची मोठी शीट हाताळताना कचरत नाही. हा शॉर्टकट लिहिलेल्या मजकुरापुरताच आहे असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात फाइल एक्सप्लोररमध्येही तो चालतो. एखादी फाइल चुकून भलत्याच फोल्डरमध्ये ओढली गेली, तिचे नाव बदलले गेले किंवा ती रिसायकल बिनमध्ये गेली, तर लगेच त्याच खिडकीत कंट्रोल-झेड दाबावा. फाइल होती तशी परत येते. शिफ्ट-डिलीटने काढलेली फाइल मात्र रिसायकल बिनमध्ये जातच नाही आणि कंट्रोल-झेडनेही परत येत नाही, म्हणून कार्यालयातल्या संगणकावर ती सवय कोणी लावून घेऊ नये.

यापुढचे शॉर्टकट सुटे सुटे पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागची रीत समजून घ्यावी. बाणाची कळ कर्सरला एक अक्षर सरकवते. तिच्यासोबत कंट्रोल धरला की कर्सर एकेका शब्दाची उडी घेतो. होम त्याला ओळीच्या आरंभी नेते, एंड ओळीच्या शेवटी नेते, आणि या दोघींना कंट्रोल जोडला की अनुक्रमे संपूर्ण मजकुराचा आरंभ आणि शेवट गाठता येतो. आता यांपैकी कोणत्याही हालचालीत शिफ्ट दाबून धरली, तर कर्सर जेवढा मजकूर ओलांडेल तेवढा निवडला जातो. म्हणजे कंट्रोल मोठी उडी देतो आणि शिफ्ट निवड करते, एवढे दोन नियम कळले की शिफ्ट-होम, कंट्रोल-शिफ्ट-बाण, कंट्रोल-शिफ्ट-एंड हे सारे न शिकवता येऊ लागतात. हीच रीत वर्डमध्ये, मेलमध्ये, व्हॉट्सॲप वेबवर, ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत आणि फाइलचे नाव बदलतानाही लागू पडते.

एक उदाहरण हातावेगळे करून पाहू. वर्डमध्ये पत्र लिहिताना ‘आपला माल मंगळवारी पाठवत आहोत’ इथपर्यंत आलो आणि आतून कोणीतरी सांगितले की माल गुरुवारी निघणार आहे. कर्सर ‘आहोत’च्या शेवटी उभा आहे. कंट्रोल धरून डावा बाण तीनदा दाबला की कर्सर ‘आहोत’, ‘पाठवत’ असे मागे टाकत ‘मंगळवारी’च्या आधी येऊन थांबतो. मग कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही धरून उजवा बाण एकदा दाबावा. ‘मंगळवारी’ हा शब्द त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेसकट निवडला जातो. तो पुसण्याची गरज नाही; थेट ‘गुरुवारी’ असे लिहून एक स्पेस द्यावी, एंड दाबावी आणि वाक्य पुढे न्यावे. वाचताना हे लांबलचक वाटते, पण सवय झालेल्या हाताने हे बोलणाऱ्याचे वाक्य संपायच्या आत होते, आणि मुख्य म्हणजे नजर त्या ओळीवरून हललेली नसते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी बॅकस्पेस आणि डिलीट यांतला फरक मुद्दाम जाणून घ्यावा. विंडोजवर बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस जोडाक्षर एकदम पुसत नाही, तर ज्या क्रमाने ते टाइप झाले त्याच्या उलट क्रमाने एकेक घटक काढते. ‘स्त्री’ या शब्दानंतर बॅकस्पेस दाबली तर आधी फक्त दीर्घ वेलांटी जाते आणि ‘स्त्र’ उरते, पुढच्या वेळी र जातो, त्यानंतर हलन्त जातो. डिलीट मात्र कर्सरच्या पुढचे अख्खे जोडाक्षर एका दाबात उचलते. म्हणून ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे असेल तेव्हा संपूर्ण शब्द पुसून पुन्हा लिहू नये. अक्षराच्या नंतर कर्सर नेऊन बॅकस्पेस एकदाच दाबावी आणि योग्य वेलांटी किंवा उकार द्यावा. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसत असली, तरी संगणक ती अक्षरानंतरच साठवतो, त्यामुळे तिच्यासाठीही हीच युक्ती लागू आहे. आणि संपूर्ण शब्दच नको असेल तर कंट्रोल-बॅकस्पेस एका झटक्यात मागचा शब्द काढून टाकते.

मराठी आणि इंग्रजी यांच्यात ये-जा करण्यासाठी विंडोज-स्पेस हा शॉर्टकट आहे. आमच्या पत्रांत मजकूर मराठी, भागाचे नाव आणि ड्रॉइंग नंबर इंग्रजी, पुन्हा रक्कम अक्षरी मराठी, असा प्रकार सतत असतो. त्या प्रत्येक वेळी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन भाषा निवडत बसणे हे माझ्या मते मराठी टायपिंग कंटाळवाणे वाटण्याचे मोठे कारण आहे. भाषा मराठी असतानाही कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-एस हे नेहमीच्याच कळांवर चालतात, त्यामुळे त्यांच्यासाठी इंग्रजीत परत यावे लागत नाही. ज्यांनी अजून कोणतीच पद्धत नीट आत्मसात केलेली नाही, त्यांनी इन्स्क्रिप्ट शिकावी असे मी आग्रहाने सांगेन. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेली ही मांडणी विंडोजमध्ये आधीपासूनच दिलेली असते, आणि तिची रचना वर्णमालेच्या क्रमाशी इमान राखणारी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली, बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली; क, ग, त, द, प, ब या अक्षरांवर शिफ्ट धरली की त्याच कळेवर ख, घ, थ, ध, फ, भ मिळतात. वरच्या अंकांच्या ओळीत शिफ्टसह पाचवर ज्ञ, सहावर त्र, सातवर क्ष आणि आठवर श्र तयार मिळतो. ज्याला वर्णमाला येते त्याला अर्धी मांडणी आधीच पाठ असते.

आता एक्सेल. माझ्या दृष्टीने शॉर्टकटची खरी कमाई इथे होते, कारण एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभ असतात आणि एवढ्या मैदानात माऊसचे चाक फिरवत शेवटची ओळ शोधणे हा हातावर अन्याय आहे. कंट्रोल-खालचा बाण माहिती जिथे सलग संपते तिथे एका दाबात नेतो. मध्ये रिकामा सेल आला तर तिथेच थांबतो, आणि ही गोष्ट उपयोगाचीच आहे, कारण यादीत कुठे आकडा राहून गेला आहे ते त्यामुळे आपोआप उघडे पडते. इथेही शिफ्ट जोडली की निवड होते. स्तंभाच्या खाली उभे राहून आल्ट आणि बरोबरचे चिन्ह दाबले की बेरजेचे सूत्र तयार होते. कंट्रोल-अर्धविरामाने आजची तारीख पडते, आणि कोटेशनवर तारीख अशीच घालावी. टुडे हे सूत्र वापरून घातलेली तारीख दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की बदललेली असते आणि मग पार्टीला दिलेला दर कोणत्या दिवशीचा, यावर वाद होऊ शकतो. कंट्रोल-डी वरच्या सेलमधील मजकूर खाली उतरवते. सूत्र लिहिताना एखाद्या सेलचा पत्ता पक्का करायचा असेल, जसा की जीएसटीचा दर एकाच सेलमध्ये ठेवून सगळीकडे वापरायचा असेल, तर त्या पत्त्यावर असताना एफ-चार दाबावी. डॉलरची चिन्हे आपोआप लागतात, आणि पुन्हा पुन्हा दाबत गेल्यास फक्त ओळ पक्की, फक्त स्तंभ पक्का, असे प्रकार फिरत येतात.

एका कामाचा उल्लेख मात्र सविस्तर करायला हवा, कारण आमच्या कार्यालयात आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला त्याने आनंद दिलेला आहे. अनेक प्रोग्राममधून काढलेल्या याद्यांत पार्टीचे नाव एकदाच पहिल्या ओळीत असते आणि त्या पार्टीची पुढची दहा-बारा बिले नावाची जागा रिकामी ठेवून खाली येतात. माणसाला ते वाचता येते, पण अशा यादीवर फिल्टर लावला तर पार्टीचे पहिलेच बिल दिसते आणि बाकीची गायब होतात. मग नवी मुलगी बिचारी प्रत्येक नाव उचलून खाली ओढत बसते. त्याऐवजी नावांचा स्तंभ यादीच्या शेवटच्या ओळीपर्यंत निवडावा, कंट्रोल-जी दाबावे, उघडलेल्या चौकटीत आल्ट-एस दाबून ‘स्पेशल’मध्ये जावे, के दाबून ‘ब्लँक्स’ निवडावे आणि एंटर करावे. स्तंभातले सगळे रिकामे सेल, आणि फक्त रिकामेच सेल, निवडले जातात. आता कशालाही हात न लावता बरोबरचे चिन्ह टाइप करावे, वरचा बाण एकदा दाबावा, आणि नुसती एंटर न दाबता कंट्रोल-एंटर दाबावी. प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये ‘माझ्या वर जे आहे ते’ असे सूत्र एकाच वेळी भरले जाते आणि सगळी नावे खालपर्यंत उतरतात. शेवटी तो स्तंभ पुन्हा निवडून कंट्रोल-सी, मग कंट्रोल-आल्ट-व्ही, व्ही आणि एंटर असे करावे, म्हणजे सूत्रे जाऊन नुसती नावे राहतात आणि यादीचा क्रम बदलला तरी गोंधळ होत नाही. हे पहिल्यांदा पाहिल्यावर आमच्याकडची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हे असं होतंय हे आम्हांला कुणी सांगितलंच न्हाई की ओ.” तिचे म्हणणे योग्य होते; हे शिकवले जायला हवे.

त्याच यादीसाठी आणखी तीन कळा सांगून पुढे जाते. कंट्रोल-शिफ्ट-एल फिल्टर लावते आणि काढते. शीर्षकाच्या सेलवर आल्ट-खालचा बाण दाबला की फिल्टरची यादी उघडते. आणि काही ओळी हाताने लपवलेल्या असतील तर कॉपी करण्याआधी आल्ट-अर्धविराम दाबावा, म्हणजे दिसणारेच सेल निवडले जातात आणि लपवलेले दर चुकून दुसऱ्याच्या फाइलमध्ये जात नाहीत.

टॅलीबद्दल लिहिल्याशिवाय कोल्हापूरच्या व्यापारी पेठेतील संगणकाचे वर्णन पूर्ण होणार नाही. १९८६ साली श्यामसुंदर गोयंका आणि भरत गोयंका या पिता-पुत्रांनी सुरू केलेल्या हिशेब ठेवण्याच्या या भारतीय प्रोग्रामची घडण सुरुवातीपासून कीबोर्डभोवती झालेली आहे, आणि म्हणूनच लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतील कित्येक दिवाणजी माऊस बाजूला सारून नुसत्या कळांवर नोंदी करताना दिसतात. एफ-चार काँट्रा, पाच पेमेंट, सहा रिसीट, सात जर्नल, आठ सेल्स आणि नऊ पर्चेस हा क्रम त्यांच्या बोटांत बसलेला असतो. नोंद करताना नवी पार्टी आली तर नोंद सोडून मागे जायचे कारण नाही. नावाच्या जागीच आल्ट-सी दाबून खाते उघडता येते आणि ते जतन झाले की आपण होतो तिथेच परत येतो. सर्व रकाने भरून झाले असतील तर कंट्रोल-ए नोंद थेट स्वीकारते. डे बुकमध्ये एखाद्या जुन्या नोंदीवर आल्ट-दोन दाबले की तिची प्रत तयार होते, आणि दर महिन्याला त्याच पार्टीला त्याच मालाचे बिल करायचे असेल तर फक्त तारीख आणि नग बदलणे उरते. गुळाच्या हंगामात मार्केट यार्डात सौदे झाल्यानंतर शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायची जी घाई असते, ती ज्याने पाहिली आहे त्याला नोंदीमागे वाचलेल्या चार-दोन क्षणांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

अनेक खिडक्या एकाच वेळी उघड्या असतात तेव्हा आल्ट-टॅब सर्वांना ठाऊक असतो. आल्ट दाबून ठेवूनच टॅब एकेकदा दाबत गेल्यास सर्व खिडक्यांतून हवी ती निवडता येते आणि शिफ्ट जोडल्यास उलट्या दिशेने जाता येते, हे मात्र कमी जणांना माहीत असते. खाली टास्कबारवर ओळीने लावलेल्या प्रोग्रामसाठी विंडोज-एक, विंडोज-दोन अशा कळा आहेत. ब्राउझर पहिला, एक्सेल दुसरा आणि टॅली तिसरी असा क्रम एकदा लावून ठेवला की डोळे मिटूनही हवे तिथे जाता येते. विंडोज-डावा बाण आणि विंडोज-उजवा बाण यांनी दोन खिडक्या पडद्यावर शेजारी शेजारी बसतात, आणि पार्टीची ऑर्डर डावीकडे ठेवून बिल उजवीकडे करताना याहून सोयीचे काही नाही. पडद्याचा नेमका भाग टिपायचा असेल तर विंडोज-शिफ्ट-एस आहे. जागेवरून उठताना विंडोज-एल दाबून संगणक बंदिस्त करावा. ज्या कार्यालयात पगारपत्रक आणि बँकेची कामे त्याच संगणकावर होतात, तिथे हा शॉर्टकट शिष्टाचाराचा भाग मानला पाहिजे.

विंडोज-व्ही या शॉर्टकटसाठी मी थोडी अधिक जागा घेते. पूर्वी क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर चिकटवेपर्यंत जिथे राहतो तिथे, एकच गोष्ट राहत असे. नवी कॉपी केली की जुनी गेली. २०१८ च्या ऑक्टोबरमधील विंडोज १० च्या सुधारणेपासून शेवटच्या २५ गोष्टी लक्षात ठेवण्याची सोय आली. पहिल्यांदा विंडोज-व्ही दाबल्यावर ती सुरू करण्याची परवानगी विचारली जाते, आणि त्यानंतर पार्टीचा पत्ता, जीएसटी क्रमांक, ऑर्डर क्रमांक असे सगळे मेलमधून एकापाठोपाठ उचलून घेऊन बिलात आल्यावर हवे ते हव्या क्रमाने चिकटवता येते. बँक खात्याचा तपशील किंवा कारखान्याचा पत्ता यांसारखा रोज लागणारा मजकूर तिथे टाचून ठेवला तर संगणक बंद करून सुरू केल्यावरही तो टिकतो. मात्र कॉपी केलेला पासवर्डही त्याच यादीत दिसू शकतो, म्हणून अनेकांच्या वापरातल्या संगणकावर ही सोय सुरू करण्यापूर्वी त्याचा विचार जरूर करावा.

ब्राउझरमध्ये कंट्रोल-एल पत्त्याच्या चौकटीत नेते, कंट्रोल-शिफ्ट-टी चुकून बंद झालेले पान परत उघडते आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही मूळचा रंग, आकार वगळून निव्वळ मजकूर चिकटवते. सरकारी संकेतस्थळांवरील लांबच लांब अर्ज भरताना टॅबने पुढच्या आणि शिफ्ट-टॅबने मागच्या रकान्यात जावे, छोट्या चौकटीत खूण करायला स्पेस दाबावी. राज्याच्या यादीसारखी सूची उघडायची असेल तेव्हा तिच्यावर येऊन महाराष्ट्राची पहिली इंग्रजी अक्षरे भराभर टाइप करावीत. बहुतेक याद्या स्वतःच महाराष्ट्रापर्यंत सरकतात. जिथे जीएसटीच्या राज्य-संकेतांकानुसार यादी लावलेली असते तिथे २७ टाइप करूनही ते साधते.

संगणक अडकला तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर थेट उघडतो आणि अडलेला प्रोग्राम तिथून बंद करता येतो. बरेच लोक त्यासाठी कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबतात. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ च्या पहिल्या पीसीसाठी ही जुळणी केली ती संगणक नव्याने सुरू करण्यासाठी होती, आणि सहज धक्का लागून तसे होऊ नये म्हणून तिच्या कळा एकमेकींपासून दूरच्या निवडलेल्या होत्या.

ज्यांना माऊस वापरताच येत नाही अशा माणसांचाही या विषयावर मोठा हक्क आहे. दृष्टिहीन व्यक्ती एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरून संगणक चालवतात तेव्हा संपूर्ण कामकाज कळांवरच होते. कंट्रोल-आल्ट-एनने तो सुरू होतो आणि बोलत असलेला आवाज कंट्रोलच्या एका दाबाने थांबतो. एका हाताने टाइप करणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये स्टिकी कीज आहे. शिफ्ट सलग पाच वेळा दाबल्यावर जी चौकट समोर येते आणि जिला आपण घाईने नाही म्हणतो, ती याच सोयीची आहे. ती चालू केली की कंट्रोल, शिफ्ट आणि दुसरी कळ एकदम न धरता एकामागून एक दाबता येतात. आपल्या वर्गात किंवा कार्यालयात अशी व्यक्ती असेल तर तिला हे आधी सांगावे.

हाताच्या आरोग्याविषयीही एक सूचना. कीबोर्डवर कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही बाजूंना आहेत ते उगाच नव्हे. डाव्या बाजूचे अक्षर असेल तेव्हा उजवा कंट्रोल आणि उजव्या बाजूचे अक्षर असेल तेव्हा डावा कंट्रोल धरावा, म्हणजे एकाच हाताची बोटे ताणून मनगट वाकवावे लागत नाही. कंट्रोल-पी किंवा कंट्रोल-एल एका हाताने दाबण्याचा हट्ट दिवसभर केला तर संध्याकाळी मनगट त्याची आठवण करून देते. बोटे न पाहता जागेवर येण्यासाठी एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा दिलेला असतो. तर्जन्या तिथे टेकल्या की बाकीच्या कळा आपापल्या जागी सापडतात.

माऊसचा मी तिरस्कार करत नाही. लग्नपत्रिकेची मांडणी करणाऱ्या, फ्लेक्सचे डिझाइन करणाऱ्या किंवा यंत्रभागाचे ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाला तो हवाच, आणि त्यांच्या प्रोग्राममध्येही एक हात माऊसवर आणि दुसरा कळांवर अशीच उत्तम जोडी जमते. महिन्यातून एकदा लागणाऱ्या कामाचा शॉर्टकट लक्षात ठेवण्यातही काही अर्थ नाही. अशा वेळी मेनूत जावे. शंभर-शंभर शॉर्टकटचे तक्ते छापून भिंतीवर लावलेले मी पाहिले आहेत, पण त्यांतून कोणी शिकल्याचे मला दिसले नाही.

शिकायचे असेल तर आधी आपलेच काम पाहावे. दिवसभरात कोणती कृती सर्वाधिक वेळा होते ते ओळखावे, तिचा शॉर्टकट शोधावा आणि तो हातात बसेपर्यंत दुसरा घेऊ नये. शोधायलाही दूर जावे लागत नाही: अनेक प्रोग्रामच्या मेनूत कृतीच्या नावासमोर उजवीकडे तो लिहिलेला असतो, वर्ड आणि एक्सेलमध्ये बटणावर माऊस क्षणभर टेकवला की तो दिसतो, आणि आल्ट एकदा दाबून सोडली की वरच्या पट्टीतील प्रत्येक बटणावर त्याचे अक्षर उमटते. हिशेबाचे काम करणाऱ्याने कंट्रोल-बाण आणि एफ-चारपासून आरंभ करावा. पत्रव्यवहार सांभाळणाऱ्याने विंडोज-स्पेस, कंट्रोल-शिफ्ट-बाण आणि कंट्रोल-बॅकस्पेस आधी घ्यावेत. आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्यामुळे प्रत्येकाने परिच्छेद संपला की कंट्रोल-एस दाबण्याची सवय लावून घ्यावी. लॅपटॉपवर एफच्या कळा आवाज आणि उजेड कमी-जास्त करायला जुंपलेल्या असतात, तिथे एफएन ही कळ सोबत धरावी लागते. मॅकवर कंट्रोलच्या जागी बहुतेक ठिकाणी कमांड वापरावी.